मार्बल केकची नक्षी फसते कुठे? या चुका टाळा

मार्बल केक म्हणजे पांढरं आणि कोकोचं मिश्रण एकत्र फिरवून संगमरवरासारख्या रेघा उमटवलेला केक. तो कापल्यावर आत रेघांऐवजी सरसकट मळकट तपकिरी रंग निघाला की सगळा दोष सुरीवर येतो: जास्त फिरवली, नाहीतर कमी फिरवली. सुरी येते अगदी शेवटी. बरेचदा गडबड त्याआधी, कोको घालतानाच झालेली असते.

कोको पावडर ओलावा भराभर शोषते. मिश्रणाचे दोन भाग करून एकात कोरडा कोको भुरभुरवला की तो भाग दुसऱ्यापेक्षा घट्ट होतो. मग सुरी कितीही फिरवा, घट्ट मिश्रण ओढलं जात नाही, त्याचे गोळेच राहतात. त्यात गुठळ्या मोडायला म्हणून आपण घोटत बसतो, मैद्याला चिवटपणा येतो आणि केक दडस होतो. म्हणून टेबलस्पूनभर कोकोला साधारण तेवढंच कोमट दूध घेऊन आधी गुळगुळीत पेस्ट करा, गार होऊ द्या आणि मगच ती मिसळा.

आता दोन्ही भांड्यांतलं मिश्रण चमच्याने उचलून धार पाहा. दोन्ही धारा सारख्याच वेगाने पडल्या पाहिजेत. एक अडून अडून पडत असेल तर त्यात चमचाभर दूध आणखी घाला. पांढऱ्या भागात मैदा वाढवून बरोबरी साधू नका, चव बिघडते. ही एवढी एक तपासणी केली तरी निम्म्याहून जास्त तक्रारी मिटतील, असं माझं मत आहे.

कोकोऐवजी वितळवलेलं चॉकलेट वापरत असाल तर उलटी अडचण येते. गरम चॉकलेट ओतलं की मिश्रण पातळ होऊन तळाशी उतरतं आणि कापल्यावर वर पांढरा, खाली काळा असे दोन थर दिसतात. बोटाला गरम लागणार नाही इतकं ते निवू द्या.

सुरी किती फिरवायची?

वाटतं त्यापेक्षा कमी. दोन्ही मिश्रणं आलटून पालटून डावाने टाका, सुरीचं टोक जवळजवळ तळापर्यंत न्या आणि इंग्रजी आठच्या आकारात दोन-तीन वेळा फिरवून बाहेर काढा. वरून नक्षी अपुरी वाटेल, हात शिवशिवतील, पण तिथेच थांबा. नुसतं वरवर फिरवलं तर वर सुंदर आणि आत कोरं, असंही होतं.

झेब्राचे पट्टे हवे असतील तर सुरी लागतच नाही. टिनच्या मधोमध एक चमचा पांढरं, त्यावरच एक चमचा काळं, असं टाकत गेलं की मिश्रण आपोआप पसरतं. मात्र त्यासाठी ते वाहतं हवं. घट्ट बटर केकच्या मिश्रणाचे पट्टे होत नाहीत, ढीग होतो.

दही-सोड्याच्या बिनअंड्याच्या केकला ही कलाकुसर निवांत करता येत नाही. सोडा दह्याला लागताच बुडबुडे सुटतात. टिन आधी तयार ठेवा, ओव्हन आधी तापवा आणि मगच ओलं-कोरडं एकत्र करा.

घरगुती रंगांची फसवणूक

बिटाचा रस कच्च्या मिश्रणात झकास गुलाबी दिसतो, पण भाजताना त्याचा रंग उडून तपकिरी होतो. हळदीची गंमत वेगळी. हळदीवर चुन्याची प्रक्रिया करून कुंकू करतात, तेच सोड्याने थोडंफार होतं: सोडा जास्त पडला किंवा नीट मिसळला नाही तर पिवळ्या भागात लालसर डाग उठतात. भाजूनही टिकणारा ठसठशीत रंग हवा असेल तर जेल रंग घ्या. पाण्यासारखा पातळ रंग भरपूर घातला की मिश्रण सैल होतं आणि पुन्हा धारेचाच प्रश्न.

ओव्हन फार तापलेला असेल तर कडा आधी बसतात, मधलं ओलं मिश्रण उसळून वर येतं आणि केक फुटतो, नक्षीसकट. १७० ते १८० अंश पुरेत. टिन दोन तृतीयांशच भरा. वरचा रंग लवकर गडद होऊ लागला तर फॉइल टाका, नाहीतर पांढरा-काळा भेदच दिसणार नाही. कापायचा तो पूर्ण गार झाल्यावर, आणि प्रत्येक कापानंतर सुरी पुसून. गरम केकचा काळा चुरा पांढऱ्या भागाला फासला जातो.

कागदावर करताना

मुलांबरोबर पाण्यावर रंग सोडून कागदावर अशीच मार्बल नक्षी उमटवतानाही घट्ट-पातळचाच हिशोब असतो. साध्या पाण्यात जलरंग बुडतो. पारंपरिक पद्धतीत पाणी मुद्दाम बुळबुळीत करतात. त्यासाठी भिजवलेल्या मेथीचा चिकही वापरला जाई. कागदाला आधी तुरटीचं पाणी लावून वाळवलं नाही तर रंग धुताना निघून जातो. सतराव्या शतकात विजापूरच्या चित्रकारांनी अशा कागदांतून अख्खी चित्रं घडवली, तेव्हा घाईचं हे काम नव्हेच. कागद सपाट आपटू नका, एका कोपऱ्यापासून हळूहळू टेकवत न्या. खाली हवा अडकली की तिथे पांढरा ठिपका पडतो, आणि तो नंतर भरता येत नाही.