माईक विकत घेण्याआधी

मावसबहिणीच्या मुलीचा फोन आला, "मावशी, मला पण घरूनच व्हॉइस ओव्हरचं काम चालू करायचंय, काय काय लागतंय सांग की." अर्धा तास सांगितलं. ती "हो, हो" म्हणाली आणि दुसऱ्या दिवशी तीन माईकच्या लिंका पाठवून विचारलं, यातला कुठला घेऊ? म्हणजे माझं काहीच पोचलं नव्हतं. म्हणून लिहूनच काढते. जाहिराती, धडे, पुस्तकं यांना पाठीमागून आवाज द्यायचा हा उद्योग मी एकदा चांगलाच आपटून बघितलाय.

माईक नंतर. आधी खोली. हातात असेल तो फोन घ्या, रेकॉर्डर चालू करा, पंखा बंद करा आणि तीस सेकंद गप्प बसा. हलायचं नाही, खोकायचं नाही. मग हेडफोन लावा, आवाज मोठा करा आणि ती शांतता ऐका. एवढंच काम आहे, फुकट आहे, आणि मी नेमकं हेच केलं नव्हतं.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. घराच्या मागच्या भिंतीला लागून टॉवेलचा कारखाना, यंत्रमागांचा. त्या खटखटीतच मी वाढले, तिच्यातच दहावीचा अभ्यास केला. लाईट जाऊन माग थांबले की उलट जाग यायची. पहिलं मोठं काम मिळालं ते पुण्याच्या एका कंपनीचं: कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणाचे सहा धडे, सगळे मिळून पावणेदोन तासांचा आवाज. तीन दुपारी बसून रेकॉर्ड केलं, स्वतःच ऐकलं, स्वतःवरच खूश झाले, पाठवून दिलं. उत्तर आलं, "मॅडम, आवाज छान आहे. मागे गिरणी चालू आहे का?" मी परत ऐकलं. मला कुठे गिरणी ऐकू येईना. मुंबईहून भाचा आला होता, त्याच्या कानाला हेडफोन लावला. दोन सेकंदांत म्हणाला, "हे काय खटखट वाजतंय?"

जन्मापासून जो आवाज ऐकतोय तो आपला कान मोजतच नाही. माईक सोलापूरचा नसतो, तो सगळं मोजतो.

सहाही धडे पुन्हा रेकॉर्ड केले, पाच रात्री जागून. पैसे ठरले होते तेवढेच मिळाले, आणि त्या पाच रात्रींत आलेलं दुसरं काम हातातून गेलं.

तेव्हा ते तीस सेकंद. आणि एकदाच करून "आमच्याकडे शांत आहे" असं ठरवून मोकळं होऊ नका. सकाळी सात, अकरा, दुपारी तीन, रात्री दहा, असं आठवडाभर करा आणि वहीत लिहा. आठवडाभर यासाठी की आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम घोंघावतात, आणि तो दिवस पुढच्या आठवड्यात दुसऱ्याच वारी येतो. होटगी रोडला राहणाऱ्यांसाठी २०२५ पासून विमानंही आहेत. बाकी फ्रिज, इन्व्हर्टर, ट्यूबलाईटचा चोक, खिडकीतली पारवी, शेजारच्यांच्या कुकरच्या शिट्ट्या, हे सगळं त्या वहीत सापडेल. जुळे सोलापुरात बंगला असला तरी करा. तिथे कुत्री आहेत.

कोणीतरी सांगेलच की सॉफ्टवेअरने आवाज काढता येतो. पंख्याचा, इन्व्हर्टरचा एकसुरी आवाज थोडाफार जातो. मागाची खटखट एकसुरी नसते. ती काढायला गेलं की शब्दांच्या कडाच खरवडून निघतात आणि आपण हौदात बुडून बोलतोय असं वाटतं. मी हेही करून बघितलंय, तेही रात्री दोन वाजता, रडत.

आता खोलीची तयारी. इथे दोन वेगळे आजार आहेत आणि लोक दोन्हीवर एकच औषध लावतात. आपला आवाज भिंतींवर आपटून घुमतो हा एक आजार, बाहेरचा आवाज आत येतो हा दुसरा. फोम, गाद्या, रजया, कपड्यांनी भरलेलं कपाट ही सगळी पहिल्याची औषधं. दुसऱ्याला ती जवळजवळ काहीच करत नाहीत. बाहेरचा आवाज अडतो तो जाड, वजनदार भिंतीने आणि फटी बुजवल्याने. दाराखालची बोटभर फट बुजवा, खिडकीच्या कडांना रबरी पट्टी लावा. तेवढ्यावर भागलं नाही तर खोली बदला. तेही जमत नसेल तर वेळ बदला. मी वेळ बदलली.

आणि हो, सोलापुरी चादर. भौगोलिक मानांकन मिळालेली असली तरी चादर ती चादरच. भिंतीला ताणून ठोकलीत तर वरच्या पट्टीचा टणकपणा तेवढा कमी होतो, खालच्या पट्टीचा घुमारा तसाच राहतो. मग आवाज डब्यातून आल्यासारखा वाटतो. चुण्या घालून, दुहेरी करून, भिंतीपासून वीतभर पुढे टांगा, बराच फरक पडतो. माझ्या तीन बाजूंना अशा चादरी आहेत आणि पाठीमागे गाद्यांची चळत. सासूबाई त्याला तंबू म्हणतात.

भिंतीतून येणारा आवाज एक आणि जमिनीतून येणारा हादरा वेगळा. माग, मोटार, रस्त्यावरचा ट्रक यांचा हादरा फरशीतून स्टँडमध्ये आणि स्टँडमधून माईकमध्ये चढतो. कानाला जाणवत नाही, रेकॉर्डिंगमध्ये भुणभुण म्हणून बसतो. स्टँडखाली टर्किशचा टॉवेल चौघडी घालून ठेवा, माईकला झोळीसारखा शॉक माउंट लावा. ८० हर्ट्झच्या खालचं कापणारा फिल्टर लावला की उरलेलंही बरंच जातं. पण टेबल त्याच भिंतीला टेकवून ठेवलं असेल तर हे सगळं वाया.

माईक. घ्या कुठलाही, खरंच. घरात आवाज असेल तर कंडेन्सरपेक्षा डायनॅमिक बरा, तो जवळचंच जास्त ऐकतो. कंडेन्सर नाजूक बारकावे टिपतो आणि शेजारचा कुकरही. त्याला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते, म्हणजे माईक आणि लॅपटॉपच्या मध्ये बसणाऱ्या डबीचा, ऑडिओ इंटरफेसचा, खर्च आला. सुरुवातीला यूएसबी माईकवर काम होतं. तोंडापासून वीतभर अंतर, थोडा तिरका, पुढे पॉप फिल्टर, म्हणजे तोंडाची हवा अडवणारी जाळी. प, फ, भ म्हणून बघा, फुटला तर आणखी तिरका करा. हेडफोन वायरचे, कान पूर्ण झाकणारे. ब्लूटूथ नको. लॅपटॉपचा पंखा वाजत असेल तर लॅपटॉप दूर.

सॉफ्टवेअर ऑडॅसिटी, फुकट आहे. व्हिडिओच्या कामाला ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, मोनो, वेव्ह फाइल. ऑडिओबुकसाठी अ‍ॅमेझॉनच्या एसीएक्स या ऑडिओबुकच्या मंचाचे आकडे मापाला घ्यायला चांगले आहेत: आवाजाची सरासरी पातळी वजा २३ ते वजा १८ डेसिबलच्या मध्ये, सगळ्यात मोठा आवाज वजा ३ च्या वर नाही, आणि मागची शांतता वजा ६० च्या खाली. त्या शांततेचा आकडा बघायला काय लागतं? तीस सेकंदांची फाइल. ऑडॅसिटीत ती फाइल निवडा, पातळी मोजा, कळेल. माझी त्या तीन दुपारींची शांतता नंतर मोजली, वजा ४१, म्हणजे हद्दीच्या बरीच वर. आणि मी खूश होऊन बसले होते!

शरीराचं म्हणाल तर पाणी भरपूर प्या, फार गार नको. दुधाचा चहा आणि दही रेकॉर्डिंगआधी नको, तोंड चिकट होतं आणि शब्दाशब्दाला चटचट वाजते. हिरवं सफरचंद खाल्लं की ती कमी होते, मला तरी फायदा झाला. शेंगाचटणी नंतर, कितीही डोळ्यांसमोर असली तरी. बांगड्या, पैंजण, घड्याळ काढून ठेवा. खळ घातलेली सुती साडी हात हलवला तरी सळसळते. मे महिन्यात पंखा बंद करून त्या तंबूत बसणं म्हणजे अग्निपरीक्षा. पारा ४२-४३ वर गेला की अर्ध्या तासाच्या वर बसू नका, चक्कर येते. पहाटे उरका.

आता भाषा. 'जग' शब्द मोठ्याने म्हणा. दुनिया या अर्थाचा जग आणि "शंभर वर्षं जग" मधला जग, ज दोन आहेत. चमचामधला शेवटचा च आणि चमचेमधला शेवटचा च वेगळा. ऐकणाऱ्याला कारण कळत नाही, पण खटकतं. आपला सोलापुरी हेल मारून टाकू नका. कन्नड-तेलुगूच्या शेजाराने आलेली ती चाल खत-बियाण्यांच्या जाहिरातीत, गावाकडच्या योजनांच्या माहितीपटात लोक मागून घेतात. फक्त ती लावता आणि काढता आली पाहिजे. मंजूर झालेली संहिता आल्याशिवाय माईकपुढे बसू नका, आणि ती आली की आधी विचारून घ्या: माणसांची, गावांची, औषधांची नावं कशी म्हणायची, १५०० म्हणजे पंधराशे की दीड हजार, टक्के की प्रतिशत. नावांचे उच्चार व्हॉइस नोटमध्येच मागवा. लिहून आलेल्या उच्चारावर विश्वास ठेवला तर परत रेकॉर्ड करावं लागतं.

नमुना म्हणजे डेमो, एक मिनिटाचा. जाहिरात, माहितीपट, कथा असे वेगळे. सुरुवातीला संगीत घालू नका, पहिल्याच सेकंदाला आवाज. वाक्यं स्वतः लिहा, टीव्हीवरच्या जाहिराती उचलू नका. आणि तो डेमोही शांततेची फाइल तपासल्यानंतरच करा, कारण ऐकणारा आवाजाबरोबर तुमची खोलीही ऐकत असतो.

पैशांचा दर मिनिटांवर ठरवा किंवा शब्दांवर, पण एकच धरा. माझा मराठीचा वेग मिनिटाला ११० ते १२० शब्द पडतो, तुमचा मोजून ठेवा, म्हणजे संहिता बघूनच वेळ सांगता येते. निम्मे पैसे आधी. ईमेलवर चार ओळी तरी लेखी हव्यात: आवाज कुठे वापरणार, किती काळ, माझी चूक असेल तर दुरुस्ती फुकट, त्यांनी संहिता बदलली तर पैसे. आणि पाचवी ओळ, या आवाजावरून यंत्राला शिकवून नवा आवाज तयार करायचा नाही. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने अरिजित सिंगच्या आवाजाच्या अशा नकलांना मनाई केली. पण तो अरिजित सिंग आहे, आपल्याला ती ओळ लागते.

तारखा देताना कॅलेंडर बघा. जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा, १९ फेब्रुवारी, १४ एप्रिल, गणपतीचे दहा दिवस, नवरात्र. या दिवसांत "उद्या देते" म्हणू नका. भिंती हलतात.

पुढचं थोडक्यात, कंटाळा आला. कंपनी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कर, कापणार. पॅन द्या, नाहीतर २० टक्के जातात. उद्यम ही छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी फुकट होते, पैसे मागणाऱ्या वेबसाइटवर जाऊ नका. ती असली की लेखी करारातही ४५ दिवसांच्या आत पैसे देणं समोरच्यावर कायद्याने बंधनकारक होतं. सेवांच्या जीएसटीची मर्यादा वर्षाला २० लाख, तिथे पोचलात की मला फोन करा. फाइल दोन ठिकाणी ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आवाज पाठवू नका, तो दाबला जातो, ड्राइव्हची लिंक द्या. फाइलच्या नावात तारीख. इन्व्हर्टरची बॅटरी बघून ठेवा. बास.

आणि तुझ्या त्या तीन लिंकांचं म्हणशील तर मधला बरा आहे. पण आत्ता मागवू नकोस. आधी तुझ्या खोलीची तीस सेकंदांची फाइल मला पाठव, एक पाणी येण्याच्या दिवशीची आणि एक न येण्याच्या.