बस गेली म्हणून आपली कार पाण्यात घालू नका

गोव्यात पारोड्याला कुशावती नदीचं पाणी रस्त्यावर आलं की दोन्ही बाजूंना गाड्या थांबतात. मग एखादी बस पाणी कापत पलीकडे जाते आणि लगेच मागचा कारवाला गिअर टाकतो. सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच. बसचं चाक साधारण मीटरभर उंच, लहान कारचं साठेक सेंटीमीटर. बसचं निम्मं चाक बुडालं म्हणजे पाणी अर्धा मीटर झालं; तेवढ्या पाण्यात तुमचं चाक जवळजवळ अख्खं आत! अंदाज आपल्याच मापाची गाडी जाताना घ्यावा. पाणी तिच्या चाकाच्या मध्याला टेकलं की आपण मागे फिरायचं.

तेही साचलेल्या पाण्यात. वाहतं पाणी असेल तर तीस सेंटीमीटरलाच लहान कार तरंगू लागते, साठला मोठ्या गाड्याही ओढल्या जातात. झावळ्या-पालापाचोळा रस्त्याला आडवा पळताना दिसला, मोरीचा कठडा दिसेनासा झाला, तर मापं काढत बसू नका. गढूळ पाण्याखाली डांबर शिल्लक आहे की खचलंय, ते वरून कळत नाही.

पणजीचं गणित वेगळं. मुसळधार पाऊस आणि मांडवीची भरती एकाच वेळी आली की ‘१८ जून’ नावाच्या रस्त्यावरचं पाणी नदीत उतरायला वाव राहत नाही. पाऊस उघडला तरी भरती चढत असेल तर पाणी तुंबूनच राहतं. भरती-ओहोटीच्या वेळा मोबाइलवर मिळतात, निघण्यापूर्वी बघाव्यात.

सायलेन्सरात पाणी शिरेल या भीतीने लोक सुसाट जातात. खरा धोका पुढून, इंजिन हवा ओढतं तिथून. वेगाने उठलेली लाट थेट तिथे चढते. पहिला गिअर, एकसारखी रेस, मध्ये गिअर बदलणं नाही. समोरून ट्रक येत असेल तर आधी तो जाऊ द्या.

आणि गाडी पाण्यात बंद पडली तर चावी पुन्हा फिरवू नका. कितीही मोह झाला तरी! पाणी हवेसारखं दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये ते असताना स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. असा खर्च नेहमीच्या विम्यात बहुधा बसत नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. उतरा, गाडी टो करून गॅरेजला न्या. सुखरूप पलीकडे गेलात, तर हळू चालवत दोन-तीनदा ब्रेक हलके दाबून सुकवा आणि मगच वेग घ्या.