१९७५ सालात गूगल कसं करावं

समजा, उद्या तुम्ही १९७५ सालात जागे झालात. हाताशी फोन नाही आणि आपलं मांजर रात्रभर का ओरडतं, हे तर आजच कळायला हवंय. ग्रंथालय गाठा.

१. होमपेज उघडा. म्हणजे छोट्या छोट्या ड्रॉवरांचं ते लाकडी कपाट. आत पुस्तकांच्या नोंदींची साडेसात बाय साडेबारा सेंटिमीटरची कार्डं, खालच्या भोकातून सळई ओवलेली. सळईला हात लावायचा नाही. कार्ड उपसून टेबलावर नेणारा माणूस पुढच्या सगळ्यांचं नेट बंद पाडतो.

२. शब्द ठरवा. भल्याभल्यांची दांडी इथे उडते, माझाही सर्वांत जास्त वेळ याच पायरीने खाल्ला आहे. ‘मांजर रात्री का ओरडतं’ असं कपाटाला विचारता येत नाही. त्याला फक्त लेखक, पुस्तकाचं नाव आणि विषय एवढंच कळतं. ‘ड्रॉवर उघडा आणि चाळत बसा’ हा सल्ला देणाऱ्यांनी एकदा स्वतः चाळून पाहावं! आधी कागदावर उतरंड लिहा: मांजर, पाळीव प्राणी, प्राणी. तळाच्या ‘मांजर’पासून सुरुवात करा, नाही मिळालं तर एकेक पायरी वर चढा. उलटं केलंत तर हत्ती, वटवाघूळ आणि देवमासा यांच्यात संध्याकाळ होईल.

मधेच एखाद्या कार्डावर नुसतं ‘पाहा: पाळीव प्राणी’ लिहिलेलं भेटेल. वैतागू नका. ‘तुम्हाला हे म्हणायचं होतं का?’ असं गूगल विचारतं, ते हेच. फक्त इथे ते कुणीतरी आधीच बसून, विचार करून लिहून ठेवलंय.

आणि अक्षर! पहिलं अक्षर चुकलं की शोध संपला, कपाट काही सुधारून घेत नाही. ‘ज्ञ’ कुठे ज-मध्ये असतो, कुठे पार शेवटच्या ड्रॉवरात. दोन्ही उघडायचे. लेखक शोधताना आडनाव आधी.

३. वर्गांक उतरवून घ्या, म्हणजे पुस्तकाचा विषय आणि जागा सांगणारा कार्डावरचा आकडा. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युईच्या १८७६ च्या, विषयांना आकडे देणाऱ्या दशांश पद्धतीत मांजर ६३६.८ वर, कुत्रा ६३६.७ वर. दशांशानंतरचा आकडा गाळलात तर गाईगुरांच्या पुस्तकांसमोर उभे राहाल.

४. तो आकडा घेऊन पुस्तकांच्या कपाटापाशी जा. शेजारची पुस्तकंही बघा, ती ‘संबंधित निकाल’ समजा. जाहिराती नाहीत.

५. पुस्तक हाती आलं की अनुक्रमणिका सोडा, थेट मागची शब्दसूची उघडा.

पुस्तक जागेवर नसेल तर पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करायची सोय नाही. कुणीतरी घरी नेलंय, मागणी नोंदवून या. काउंटरवरच्या ग्रंथपालांना विचारायला मात्र लाजू नका. भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांनी १९३१ मध्येच ग्रंथालयशास्त्राच्या पाच नियमांत ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे घालून ठेवलंय. फक्त ‘मांजराबद्दल काहीतरी द्या’ म्हणू नका, पूर्ण प्रश्न सांगा. कपाटाला जो कळत नाही, तो त्यांना कळतो.

वाचून झालेलं पुस्तक टेबलावरच ठेवा, स्वतः कपाटात खोचू नका. ६३६.८ चं पुस्तक ६६३.८ वर गेलं की पुढच्या मोजणीपर्यंत ते कुणाच्याच हाती लागत नाही.