दप्तर सोपवण्याआधी सोसायटीचा ड्राइव्ह आवरून घ्या

वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यायची असते, आणि आमच्या कोथरूडच्या सोसायटीत यंदा समितीही बदलतेय. पूर्वी दप्तर सोपवायचं म्हणजे लोखंडी कपाटाची किल्ली आणि पावतीपुस्तकं दिली की झालं. आता निम्मं दप्तर गूगल ड्राइव्हवर आहे आणि त्याच्या किल्ल्या कोणाकोणाकडे आहेत हे मावळत्या खजिनदाराला, म्हणजे मलाही, नीट सांगता येत नव्हतं. त्यामुळे सभेच्या निदान पंधरा दिवस आधी बसा.

आधी मालक शोधा. प्रत्येक फाइलच्या माहितीत ओनर कोण ते दिसतं. आमच्या मेंटेनन्सच्या शीटची मालकीण निघाली जुन्या सचिवांची मुलगी. वडिलांना जमत नव्हतं म्हणून तिने बारावीच्या सुट्टीत शीट करून दिली होती. ती आता जर्मनीत आहे. तिने जागा मोकळी करताना ती फाइल उडवली असती तर आमचा सगळा हिशोब तिच्या ट्रॅशमध्ये, आणि ३० दिवसांनी तिथूनही गेला असता. मालकी बदलायची तर सुरुवात जुन्या मालकालाच करावी लागते, आणि समोरच्याने स्वीकारेपर्यंत ती अधांतरी राहते. शिवाय फोल्डरची मालकी दिली म्हणजे आतल्या फाइलींची दिली असं होत नाही. एकेक फाइल बघा. कंटाळवाणं काम आहे, पण चहा घेऊन कंप्युटरवर बसलं की तासाभरात उरकतं. बदल झाल्यावर जुना मालक एडिटर, म्हणजे फाइलीत फेरफार करू शकणारा, म्हणून मागे उरतो, त्यालाही काढायचं लक्षात ठेवा. (ती ‘काका, मला काढलंत?’ म्हणून हसली.)

मग लिंका. भाडेकरूंचे आधार आणि भाडेकरार एका फोल्डरमध्ये होते आणि कोणीतरी तो ‘लिंक असेल त्या कोणालाही’ असा उघडा करून व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकला होता. ग्रुपमधून माणूस काढला तरी लिंक त्याच्या फोनमध्ये राहते. घर सोडून गेलेल्या भाडेकरूला, एजंटाला, सगळ्यांना ती चालत होती. असे फोल्डर ‘रिस्ट्रिक्टेड’ करा, म्हणजे नाव घालून परवानगी दिलेल्यांनाच उघडतील. आतल्या एखाद्या फाइलची वेगळी लिंक उघडी असू शकते, तीही तपासा. खात्री करायची तर लिंक ब्राउझरच्या इनकॉग्निटो खिडकीत (जिथे आपलं लॉगिन नसतं) उघडा: परवानगी मागितली तर ठीक, कागद दिसला तर अजून काम बाकी आहे. शीट कधी ‘पब्लिश टू वेब’ (वेबपान म्हणून जाहीर) केली असेल तर तो वेगळा दरवाजा आहे, शेअरिंग बंद करून तो बंद होत नाही. आणि पुढच्या भाडेकरूंकडून शेवटचे ४ आकडेच दिसणारा मास्क्ड आधार घ्या. जो कागद आपल्याकडे नाही तो सांभाळावाही लागत नाही.

कोणाला काय द्यायचं यावर आमच्याकडे अर्धा तास वाद झाला. खरं तर सोपं आहे. सभासदांना व्यूअर (फक्त बघायचं), ऑडिटरला कमेंटर (बघून शेरे लिहायचे), खजिनदार आणि सचिवांना एडिटर. एडिटरला पुढे दुसऱ्यांना शेअर करता येतं, ती परवानगी सेटिंगमधून काढून टाका. व्यूअरचं डाउनलोडही बंद करता येतं, पण स्क्रीनशॉट कोण थांबवणार!

सोसायटीचं स्वतंत्र खातं असेल तर त्याला नंबर कोणाचा जोडलाय? आमच्याकडे माझाच होता. म्हणजे नव्या खजिनदाराने लॉगिन केलं की ओटीपी माझ्या फोनवर, आणि मी सिंहगडावर रेंजबाहेर. नंबर, रिकव्हरी ईमेल आणि पासवर्ड तिन्ही बदला. बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना लॉगिनला चालणारे आकडे) छापून त्याच लोखंडी कपाटात ठेवा. खातं कोणकोणत्या उपकरणांवर चालू आहे तेही पाहा. कर्वे रस्त्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढताना केलेलं लॉगिन आमच्या यादीत अजून जिवंत होतं. तिथलं लॉगिन या यादीतूनच साइन आउट करता येतं.

सभेच्या दिवशी नव्या खजिनदारांच्या लॅपटॉपवर मेंटेनन्सची शीट उघडून त्यांनाच एक ओळ लिहायला सांगा, आणि ती उमटली की मगच किल्लीच्या पावतीवर त्यांची सही घ्या.