द्राक्षबागेतल्या रास्पबेरी पायला सिमकार्डाचं नेट

निफाड-दिंडोरी पट्ट्यातल्या द्राक्षबागांमध्ये मी हवामान केंद्रं बसवतो. पेटीत रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक, पानांचा ओलावा मोजणारा सेन्सर आणि डेटा पाठवायला क्वेक्टेलचं ईसी२५ मॉड्यूल, म्हणजे सिमवर चालणारा फोरजी मोडेम. ऑक्टोबर छाटणीनंतर पाऊस रेंगाळला, की डाऊनी या बुरशीजन्य रोगाची फवारणी कधी घ्यायची हे रात्री पान किती तास ओलं राहिलं यावर ठरतं. पहाटेच नेट गेलं तर बागायतदाराला त्या आकड्यांचा काय उपयोग? म्हणून मोडेमची जोडणी मी नेहमी एकाच क्रमाने करतो: वीज, यूएसबी, सिम, टॉवरवरची नोंदणी आणि सगळ्यात शेवटी इंटरनेट. ‘नेट चालत नाही’ म्हणून फोन येतो तेव्हा दुखणं बहुतेक वेळा पहिल्या तीन टप्प्यांत असतं आणि माणूस एपीएन (मोबाइल कंपनीच्या इंटरनेटचं प्रवेशनाव) बदलत बसलेला असतो.

खरेदी करतानाच मॉड्यूलच्या नावातलं शेवटचं अक्षर बघा. ईसी२५-ई मध्ये आपल्याकडे लागणारे ३, ५, ८ आणि ४० हे एलटीई (फोरजी) बँड, म्हणजे लहरींचे पट्टे, आहेत. ईसी२५-ए अमेरिकेसाठी आहे, त्यात यातला एकही नाही. स्वस्तात मिळालं तरी घेऊ नका. जुना थ्रीजी डोंगलही जिओच्या सिमवर चालणार नाही, जिओकडे थ्रीजी कधी नव्हतंच.

आता वीज. पाय ४ चे चारही यूएसबी पोर्ट मिळून १.२ अँपिअर देतात आणि मॉड्यूल टूजीवर उतरलं की क्षणभर २ अँपिअरच्या आसपास ओढतं. दुपारी सगळं छान चालतं, रात्री रेंज पडली की मोडेम यूएसबीवरून गायब होतो, असं असेल तर सॉफ्टवेअरला हात लावू नका. मॉड्यूल ज्यावर बसतं त्या अॅडॉप्टर बोर्डला ५ व्होल्टची वेगळी वायर द्या, तीही जाड आणि आखूड. पायची स्वतःची वीज पुरते का हे पायच्या टर्मिनलवर ‘व्हीसीजेनसीएमडी गेट_थ्रॉटल्ड’ हा आदेश सांगतो; उत्तर ०एक्स० आलं तरच पुढे जायचं.

अँटेना वीज देण्याआधी लावा. मुख्य आणि डायव्हर्सिटी (सिग्नल पकडायला मदत करणारी दुसरी) अशा दोन्ही लावा. मॉड्यूलवरचे ते इवलेसे गोल कनेक्टर साधारण तीसेक वेळा काढ-घाल सोसतात, म्हणून बागेत ते उघडायचेच नाहीत. पेटीच्या भिंतीवर एसएमए सॉकेट बसवून काढ-घाल तिथे करायची.

मग यूएसबीला काय काय जोडलंय ते दाखवणारा ‘एलएसयूएसबी’ हा आदेश चालवा. २सी७सी:०१२५ ही ओळ दिसली पाहिजे. ती नसेल तर वीज, केबल, बोर्ड यांकडे परत. ती दिसली, की ‘डेव्ह’ (/dev) फोल्डरमध्ये टीटीवाययूएसबी ० ते ३ असे चार पोर्ट येतात. एटी आदेशांसाठी, म्हणजे मोडेमशी थेट बोलायला, २ नंबरचा वापरा. मोडेम सांभाळणारा मोडेममॅनेजर हा प्रोग्रॅम आधीपासून चालू असेल तर तो पोर्ट धरून बसतो आणि उत्तरं अर्धवट येतात, म्हणून त्याला ‘सिस्टमसीटीएल स्टॉप’ने थांबवून मगच पोर्टवर आदेश टाइप करायचा मिनिकॉम हा प्रोग्रॅम उघडा.

तीन प्रश्न विचारायचे. ‘एटी+सीपीआयएन?’ला ‘रेडी’ आलं पाहिजे. सिमला पिन असेल तर ते आधी फोनमध्ये टाकून पिन काढून घ्या. ‘एटी+सीएसक्यू’ सिग्नलच्या ताकदीचा ० ते ३१ मधला आकडा देतं: ० म्हणजे वजा ११३ डीबीएम, पुढची प्रत्येक पायरी २ डीबीएमची, आणि ९९ आलं तर काहीच कळलं नाही. १० च्या खाली असेल तर मी पेटी बंदच करत नाही, अँटेना वर नेतो. इंग्रजी वाय आकाराच्या मांडवाचे लोखंडी अँगल, तारा आणि भरगच्च पानोळा यांच्यात अँटेना दडली की सिग्नल मरतो. काठी मांडवाच्या वर निघाली पाहिजे. तिसरा प्रश्न ‘एटी+सीईआरईजी?’. उत्तरातला दुसरा आकडा १ किंवा ५ असेल तर नोंदणी झाली. २ म्हणजे शोध चालू आहे, थांबा. ३ म्हणजे टॉवरने नाकारलं. अशा वेळी रिचार्ज संपलाय का ते बघा.

इंटरनेटचं काम त्यामानाने सोपं. बुकवर्म आवृत्तीपासून रास्पबेरी पाय ओएसमध्ये नेटच्या जोडण्या सांभाळणारा नेटवर्कमॅनेजर असतोच, मोडेममॅनेजर ‘एपीटी’ने टाकून चालू करा. ‘एमएमसीएलआय -एल’मध्ये (एल मोठ्या लिपीत) मोडेम दिसला, की ‘एनएमसीएलआय’ने जीएसएम प्रकारचं कनेक्शन बनवायचं, इंटरफेसच्या जागी अवतरणचिन्हांत तारांकन. एपीएन एअरटेलला एअरटेलजीपीआरएस.कॉम, जिओला जिओनेट, बीएसएनएलला बीएसएनएलनेट. हे सगळे आदेश इंग्रजी अक्षरांत आणि एपीएन छोट्या लिपीत टाइप करा.

त्याच कनेक्शनवर ‘ऑटोकनेक्ट-रिट्राइज’ ० करायला विसरू नका. मूळ सेटिंगमध्ये नेटवर्कमॅनेजर चार प्रयत्न करून काही वेळ गप्प बसतो. ० म्हणजे तो प्रयत्न सोडत नाही. शेतघरात वायफाय असेल तर रस्ता कुठून जाईल याची काळजी नको: वायफायचं मेट्रिक (कमी आकड्याचा रस्ता आधी) ६००, मोडेमचं ७००, म्हणजे वायफाय असेपर्यंत सिमचा डेटा वाचतो.

घरबसल्या पेटीत शिरायचं असेल तर पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे बाहेरून थेट आत यायला वाट उघडण्याचा, नाद सोडा. मोबाइल कंपन्या आयपीव्ही४ चा पत्ता शेकडो ग्राहकांत वाटून देतात, बाहेरून आत यायला वाटच नसते. पेटीनेच वायरगार्ड या व्हीपीएनने तुमच्या सर्व्हरला जोडून घ्यावं, आणि जोडणी जिवंत ठेवणारं ‘पर्सिस्टंटकीपअलाइव्ह’ २५ सेकंद ठेवावं.

शेवटी ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या क्रॉनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट: दर दहा मिनिटांनी पिंग करून नेट आहे का बघायचं, सलग तीनदा हुकलं तर ‘एमएमसीएलआय’ला ‘--रीसेट’. इथे मोडेमचा नंबर ० असा लिहू नका. रीसेटनंतर तोच मोडेम १ म्हणून परत येतो, पुढच्या वेळी २, आणि स्क्रिप्ट नसलेल्या मोडेमला हाका मारत राहते. नंबराच्या जागी ‘एनी’ लिहा. हे सगळं तपासायला अँटेना काढून अर्धा तास थांबा, परत लावा, आणि कशालाही हात न लावता डेटा सर्व्हरवर पोहोचला तरच पेटीला कुलूप लावा.