फ्रिज, एसी, इन्व्हर्टर पेटला तर: ज्वाळेआधी धुराचा हिशेब

फ्रिजच्या बाहेरच्या पत्र्यात आणि आतल्या पांढऱ्या प्लास्टिकमध्ये जी जागा असते, तिथे पिवळसर फोम ठासून भरलेला असतो. मेकॅनिक लोक त्याला ‘पफ’ म्हणतात. दाराचं रबर बहुतेक वेळा पीव्हीसीचं, वायरींचं आवरणही पीव्हीसीचं, भाजीचा ट्रे आणि कप्पे आणखी वेगळ्या प्लास्टिकचे. नव्या फ्रिजमधला आर-६०० ए हा गॅस म्हणजे आयसोब्युटेन, स्वयंपाकाच्या गॅसचाच भाऊ. तो भडकतो खरा, पण असतो जेमतेम ५० ग्रॅमच्या आसपास. घरातल्या माणसांना मारतो तो जळणारा फोम आणि प्लास्टिक.

फोम जळताना कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सायनाइड हे दोन वायू निघतात. पीव्हीसीच्या वजनात निम्म्याहून जास्त क्लोरीन असतं, त्यामुळे ते तापलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो. डोळ्यांतल्या आणि घशातल्या ओलाव्यात मिसळून त्याचं जागच्या जागी ॲसिड होतं, म्हणून डोळे झोंबतात, ठसका लागतो. हा त्रासदायक असला तरी निदान सांगून येतो. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही, झोंबणं नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनच्या दोनशेपट जोराने चिकटतो. हवेच्या दहा हजार भागांत त्याचे सोळा भाग झाले तर वीसेक मिनिटांत डोकं ठणकतं, मळमळतं आणि दोन तासांच्या आत जीव जाऊ शकतो. प्रमाण सव्वा टक्क्याच्या वर गेलं तर दोन-तीन श्वासांत शुद्ध हरपते. झोपलेल्या माणसाला धुराच्या वासाने जाग येईल, या भरवशावर राहू नका.

आधी वास येतो तो ओळखा

मासळी आणलेली नसताना घरात मासळीसारखा किंवा लघवीसारखा उग्र वास यायला लागला तर कचऱ्याचा डबा बघण्याआधी स्विचबोर्ड बघा. सॉकेट, प्लग आणि होल्डर यांचं कडक प्लास्टिक आतून तापलं की असा वास सुटतो. प्लगला हात लावायच्या आधी त्या लाइनचा एमसीबी (मेन बोर्डावरचा छोटा स्विच) पाडा, मग प्लग काढून पिना पाहा. पिन तपकिरी झाली असेल, सॉकेटचं भोक वितळून लांबट झालं असेल, तर दोन्ही बदलायला हवेत. नुसता प्लग बदलला तर सैल सॉकेट नवा प्लगही जाळतो. दीड टनाचा एसी सहा अँपिअरच्या एक्स्टेंशन बोर्डवर चालवणं हा याच प्रकारातला सगळ्यात नेहमीचा गुन्हा. त्याला १६ अँपिअरचं सॉकेट आणि बोर्डापासून स्वतंत्र ४ चौरस एमएमची तांब्याची वायर लागते.

इन्व्हर्टरच्या कोपऱ्यातून सडक्या अंड्यासारखा वास येत असेल आणि बॅटरी हाताला गरम लागत असेल, तर ती जास्त चार्ज होऊन हायड्रोजन सल्फाइड सोडते आहे. खिडक्या उघडा, खोलीबाहेर जा आणि इन्व्हर्टरच्या लाइनचा एमसीबी बाहेरच्या बोर्डावरून पाडा. थोड्या वेळाने वास ‘गेला’ असं वाटलं तरी परत आत डोकावू नका. या वायूचं प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची ताकदच मरते. शिवाय तीच बॅटरी हायड्रोजनही सोडत असते, म्हणून तिथे काडी, अगरबत्ती नको, आणि खोलीतलं कुठलंही बटण चालू-बंद करू नका.

पेटल्यावरची पहिली दोन मिनिटं

१. सगळ्यांना हाक मारून उठवा आणि बाहेर काढा. वीज तोडणं, आग विझवणं हे त्यानंतर.

२. वाटेत असेल तर मेन स्विच पाडा. फ्रिजच्या मागे हात घालून प्लग काढायला जाऊ नका, धूर नेमका तिथेच दाट असतो. आणि हे फार जण विसरतात: मेन पाडला तरी इन्व्हर्टर त्याच्या लाइनवर वीज देतच राहतो. तोही वेगळा बंद करावा लागतो. तोवर पाणी मारायचं नाही.

३. आग ज्या खोलीत आहे तिचं दार ओढून घ्या. त्या घाईत खिडक्या उघडत बसू नका, आगीला हवा मिळते. बंद दारामागे धूर बराच काळ अडतो.

४. धूर छताला लागून खाली खाली उतरतो. तो डोक्याच्या उंचीवर आला असेल तर रांगत जा. ओला टॉवेल नाकाला धरल्याने काजळी आणि थोडाफार हायड्रोजन क्लोराइड अडेल, कार्बन मोनॉक्साइड मुळीच अडणार नाही. एन-९५ मास्कचंही तेच. टॉवेल ओला करायला बाथरूममध्ये जाण्यात घालवलेली ती अर्धी मिनिटं परवडत नाहीत.

५. बाहेर पडल्यावर लाकडी दार लावा. आपल्याकडे घाईत जाळीचा सेफ्टी डोअर तेवढा ओढला जातो आणि आतलं दार सताड उघडं राहतं. मग जिना धुराडं बनतो आणि वरच्या मजल्यावरची माणसं त्यात अडकतात. लिफ्ट नको. खाली पोचून १०१ किंवा ११२ ला फोन करा. विंग, मजला आणि काय पेटलंय ते सांगा.

जिन्यातच धूर भरलेला असेल तर उतरायचा हट्ट धरू नका. घरात परत या, दार लावा, फटीत ओले कपडे कोंबा, रस्त्याच्या बाजूच्या बाल्कनीत किंवा खिडकीत थांबा. इथे मुंबई-पुण्यातल्या बॉक्स ग्रिलचा प्रश्न येतो. ग्रिलला आतून उघडणारी एक झडप हवी. तिला कुलूप असेल तर किल्ली तिथेच खिळ्याला टांगलेली असावी, कपाटात नको.

आग टोपलीएवढीच असेल, पाठीशी बाहेरचा रस्ता मोकळा असेल आणि धूर अजून छातीच्या वर असेल, तरच आग विझवायचा सिलिंडर हातात घ्या. २ किलोचा एबीसी पावडरचा सिलिंडर साधारण ८ ते १० सेकंद चालतो, तेवढ्यात जमलं नाही तर निघायचं. सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सिलिंडर विजेच्या उपकरणांना उत्तम, पण २ किलो सीओटू म्हणजे एक घनमीटरपेक्षा थोडा जास्त वायू. दहा बाय दहाच्या बंद खोलीत तो हवेच्या चार टक्क्यांच्या आसपास होतो. मारल्या मारल्या बाहेर या. मायक्रोवेव्हमध्ये आत काही पेटलं तर दार उघडायचंच नाही. वीज बंद करा, हवा संपली की आग बसते.

एसी आणि लिथियम बॅटरी यांची गोष्ट वेगळी

एसीतला आर-३२ किंवा जुना आर-२२ गॅस ज्योतीत सापडला की हायड्रोजन फ्लोराइड तयार होतो. आर-२२ मध्ये क्लोरीनही असल्याने थोडा फॉस्जीनही निघू शकतो. यासाठी मोठी आग लागायची गरज नाही. पाइपमध्ये गॅस शिल्लक असताना मेकॅनिकने जोडकामाचा ज्योतीचा टॉर्च लावला तरी पुरतं. आधी गॅस पूर्ण काढून घ्यायला सांगा. खोलीत एकदम नाकात घुसणारा तिखट वास आला तर टॉर्च बंद आणि सगळे बाहेर. त्या धुराचं किंवा गळलेल्या द्रवाचं काही अंगाला लागलं असेल तर किमान पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरा आणि दुखत नसलं तरी रुग्णालयात जा. हायड्रोजन फ्लोराइडची जळजळ काही तासांनंतर सुरू होऊ शकते, तोवर आत हाडापर्यंत नुकसान चालू असतं. त्यावर कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल लावतात.

स्कूटरची लिथियम बॅटरी फुगली, फुसफुसली, पांढरी वाफ सोडायला लागली तर ती उचलून गॅलरीत नेण्याचं धाडस करू नका. ती वाफ विषारी आहे आणि भडकणारीही आहे. अशी बॅटरी विझल्यावर काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशीही पुन्हा पेट घेते, म्हणून तिला भरपूर पाण्याने गार करत राहणं हे अग्निशमन दलाचं काम. चार्जिंग मुख्य दाराजवळ करू नका. ती पेटली तर पळायचा रस्ताच बंद.

धूर छातीत गेला असेल तर

नाकात काजळी, आवाज घोगरा, काळा बेडका, डोकेदुखी, असंबद्ध बोलणं, यातलं एकही दिसलं तर १०८ ला फोन करा. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे फसवतो. कार्बन मोनॉक्साइड चिकटलेलं रक्तही त्याला ऑक्सिजनने भरलेलं दिसतं, म्हणून ९८ आकडा बघून घरी बसू नका. रक्ताच्या तपासणीत कार्बोक्सिहिमोग्लोबिन मोजतात. साध्या हवेत हा वायू निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तासा-दीड तासात होतो. डॉक्टरांना ‘बंद खोलीत फोम आणि प्लास्टिक जळत होतं’ हे शब्द सांगा, म्हणजे सायनाइडचा विचार होईल. गरोदर बाईला बरं वाटत असलं तरी न्यायचंच, कारण पोटातल्या बाळाच्या रक्ताला हा वायू आणखी घट्ट धरतो. पहिले एक-दोन दिवस दम लागतोय का याकडे लक्ष ठेवा, फुप्फुसात पाणी उशिरानेही होतं.

दुसऱ्या दिवशीची काजळी

काजळीवर ॲसिड असतं. केरसुणी फिरवली की ती परत हवेत उडते. हातमोजे घालून, ओल्या फडक्याने, वरून खाली पुसा. बादलीभर पाण्यात मूठभर खायचा सोडा टाकला तर ॲसिड मरतं. मुलं आणि दमेकरी तोवर दुसरीकडे राहू द्या. उघडं अन्न, औषधं, माठातलं पाणी टाकून द्या. दुसऱ्या खोलीतला एसी आणि टीव्ही ‘चालतोय का बघू’ म्हणून लावू नका. आतल्या बोर्डावर बसलेली काजळी आठवड्याभरात तांबं खाते, आणि एसीचा पंखा ती घरभर पसरवतो. आधी मेकॅनिककडून उघडून साफ करून घ्या.

जळका फ्रिज भंगारवाल्याला दिला तर तांब्यासाठी त्याच्या वायरी बहुधा उघड्यावर जाळल्या जातात आणि तोच धूर दुसऱ्या वस्तीत निघतो. २०२२ च्या ई-कचरा नियमांप्रमाणे, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, तो नोंदणीकृत पुनर्वापर करणाऱ्याकडे जायला हवा. उत्पादकाच्या ग्राहक सेवेला विचारलं तर जवळचं संकलन केंद्र कळतं. तुटके कप्पे आणि वायरीचे तुकडे आंघोळीच्या बंबात किंवा होळीत सरकवायची सवय अनेक घरांत आहे. बंबाचं धुराडं खिडकीखालीच उघडत असेल तर तो हायड्रोजन क्लोराइड सरळ घरात परत येतो.