थ्रीडी प्रिंटिंगची ऑर्डर घेताना

उद्यमनगरात माझं थ्रीडी प्रिंटिंगचं काम आहे, जास्त करून फाउंड्रीचे पॅटर्न, म्हणजे ओतकामाचा साचा करायला लागणारे नमुने. नवीन मशीन घेतलेल्यांनो, एसटीएल फाइल, म्हणजे छापायच्या वस्तूचा थ्रीडी आराखडा, आली की आधी स्क्रीनवर चारी बाजूंनी फिरवून बघा, बंदुकीचा भाग तर नाही ना. 'शोपीस आहे ओ' म्हणणाऱ्याला विचारा, बसवणार कशात? उत्तर गुळमुळीत आलं तर सरळ नाही म्हणा, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. २०१३ साली अमेरिकेत छापील पिस्तुलाची फाइल नेटवर आली, तेव्हापासून ही भीती आहे. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार बंदुकीचा सुटा भागही शस्त्रातच मोडतो. विनापरवाना बनवणं गुन्हा. फाइल, बिल, ओळखपत्राची प्रत जपून ठेवा. दमदाटी झाली तर ११२. गणपतीच्या मखराचं काम बिनधास्त घ्या, फक्त ॲडव्हान्स आधी.